सागरपुत्र ड्यूक कहानामोकू

पॅसिफिक महासागराच्या अफाट निळ्या विस्तारात हवाई नावाची बेटे आहेत. तेथून अमेरिकेचा किनारा गाठावयाचा, तर सुमारे ३,८०० किलोमीटर पाणी ओलांडावे लागते. समुद्राच्या पोटातून उसळलेल्या ज्वालामुखींनी ही बेटे घडविली आणि समुद्रानेच तेथील माणसांना वाढविले. हवाईच्या मुलाला पाण्याची भीती ठाऊक नसते. पाण्यात पोहावे, होडी वल्हवावी, मासे पकडावेत आणि लाकडाच्या फळीवर उभे राहून किनाऱ्याकडे धावणाऱ्या लाटेवर स्वार व्हावे, ही तेथील लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. याच बेटांवर जगातील एक थोर जलतरणपटू जन्मास आला. त्याचे नाव ड्यूक कहानामोकू.

ड्यूकचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलू येथे झाला. ‘ड्यूक’ ही खरे तर इंग्लंडमधील सरदारांची एक पदवी. ती या मुलाचे नाव कशी झाली, याची हकिकत मोठी गमतीची आहे. १८६९ मध्ये इंग्लंडचे राजपुत्र, एडिंबरोचे ड्यूक, हवाई बेटांना भेट देण्यास आले होते. त्याच सुमारास कहानामोकू यांच्या घरी पुत्रजन्म झाला. राजपुत्राच्या भेटीची आठवण म्हणून त्या बालकाचे नाव ड्यूक ठेवण्यात आले. पुढे त्याने तेच नाव आपल्या थोरल्या मुलाला दिले. अशा रीतीने पदवीचे नाव झाले आणि ते बापाकडून मुलाकडे आले. वडील पोलीस खात्यात नोकरीस होते. घरी सहा भाऊ आणि तीन बहिणी असा मोठा परिवार होता. संपत्ती बेताची होती. पण दारापुढे वायकीकीचा किनारा पसरलेला होता आणि त्या किनाऱ्यावर कोणाचाही हक्क तेव्हा कमी नव्हता.

ड्यूक जन्मला तेव्हा हवाई हे स्वतंत्र राज्य होते. तो अडीच वर्षांचा होतो न होतो, तोच १८९३ मध्ये तेथील धनाढ्य परदेशी मळेवाल्यांनी व व्यापाऱ्यांनी राणी लिलिउओकलानी हिला सिंहासनावरून दूर केले. १८९८ मध्ये ही बेटे अमेरिकेच्या ताब्यात गेली. राज्य गेले, निशाण उतरले. त्याआधीच बाहेरून आलेल्या साथीच्या रोगांनी हवाईचे मूळ रहिवासी हजारोंनी मृत्युमुखी पडले होते. लाटांवरील स्वारीचा त्यांचा खेळही मागे पडला होता. कारण परदेशी धर्मोपदेशकांना तो रिकामटेकड्यांचा चाळा वाटे. अशा पडत्या काळात वाढलेल्या मुलांच्या मनात एक हुरहूर असे. आपल्या लोकांचे काही शिल्लक उरणार आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्या वडीलमाणसांना पडत असे. ड्यूकने या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी दिले नाही. ते त्याने पाण्यात दिले.

शाळेतील अभ्यास त्याला पुरा करता आला नाही. घरच्या गरजेमुळे मिळेल ते काम करावे लागले. सकाळ-संध्याकाळ मात्र तो समुद्रावर असे. तो उंच व धिप्पाड झाला. त्याचे हातपाय विलक्षण लांबरुंद होते. तळहात वल्ह्यासारखे आणि पावले माशाच्या शेपटीसारखी. पोहताना तो पायांचा मारा एका विशिष्ट रीतीने करी. हातांच्या एका पूर्ण फेऱ्यात पाय सहा वेळा झपझप हलत. त्याआधीचे बहुतेक पोहणारे पायांचा उपयोग कमी करीत. त्यामुळे ड्यूकचे शरीर पाण्यावर उंच तरंगे आणि होडीसारखे सरळ पुढे जाई. हे त्याला कोणा शिक्षकाने शिकविले नव्हते. लाटांनी शिकविले होते. समवयस्क मित्रांबरोबर त्याने ‘हुई नालू’ हा मंडळही उभा केला. या हवाई शब्दांचा अर्थ आहे ‘लाटांचा मेळा’.

११ ऑगस्ट १९११ या दिवशी होनोलुलूच्या बंदरात पोहण्याच्या शर्यती भरल्या. पोहण्याचा तलाव नव्हता. दोन धक्क्यांच्या मधल्या खाऱ्या पाण्यात मार्ग आखला होता आणि प्रेक्षक धक्क्यावर दाटीवाटीने उभे होते. शंभर यार्डांच्या शर्यतीत ड्यूक ५५.४ सेकंदांत पलीकडे पोहोचला. पंचांनी आपापली घड्याळे पाहिली आणि ते चकित झाले. जुना जागतिक विक्रम त्याने चार सेकंदांहून अधिक फरकाने मोडला होता! जेथे सेकंदाच्या पाचव्या भागासाठी झुंज होते, तेथे चार सेकंद म्हणजे केवढे अंतर! मार्ग पुन्हा मोजण्यात आला. तो बरोबर भरला. वृत्तान्त अमेरिकेतील क्रीडासंघाकडे गेला. परंतु संघाच्या अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना. घड्याळे सदोष असतील, पाण्याचा प्रवाह पोहणाऱ्याला अनुकूल असेल, अशा शंका काढून त्यांनी विक्रम अमान्य केला. दूरच्या बेटावरील एका अनोळखी तरुणाने असा पराक्रम करावा, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते.

अपमानाने माणूस एक तर खचतो किंवा चिडतो. ड्यूक खचला नाही, चिडलाही नाही. खोटे ठरविणाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्या डोळ्यांदेखत पोहून दाखवावे, एवढेच त्याच्या मनात आले. परंतु अमेरिकेस जाण्याइतके पैसे त्याच्यापाशी नव्हते. तेव्हा होनोलुलूचे लोक पुढे सरसावले. त्यांनी वर्गणी जमविली आणि १९१२ च्या आरंभी आपल्या ड्यूकला बोटीने रवाना केले.

अमेरिकेत पोहोचल्यावर त्याच्यापुढे नवीच संकटे उभी राहिली. ऊन समुद्रात वाढलेल्या त्या तरुणाने तोवर बर्फ पाहिले नव्हते, की भिंतींनी बंदिस्त असा तलावही पाहिला नव्हता. गोड्या पाण्यात अंग खाऱ्या पाण्याइतके तरंगत नाही. तलावात भिंत आली की चटकन उलटे वळून पुन्हा वेग घ्यावा लागतो. समुद्रात कोठे भिंत असते? एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत तर थंड पाण्याने त्याच्या पायांत गोळे आले आणि शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. शंका घेणाऱ्यांना आयतेच निमित्त मिळाले. पण ड्यूकने भिंतीशी वळण्याचा कसून सराव केला, थंडीची सवय करून घेतली आणि थोड्याच महिन्यांत निवडीच्या शर्यती जिंकून ऑलिंपिकच्या अमेरिकन पथकात स्थान मिळविले.

१९१२ चे ऑलिंपिक सामने स्वीडनमधील स्टॉकहोम नगरीत भरले. पोहण्याच्या शर्यती समुद्राच्या एका खाडीत होत्या. शंभर मीटरच्या शर्यतीत ड्यूक आरंभीच्या फेऱ्या सहज जिंकत गेला. पण उपान्त्य फेरीच्या वेळी एक भलताच घोटाळा झाला. अमेरिकेच्या चमूचा वेळापत्रकाविषयी गैरसमज झाला आणि ड्यूक व त्याचे सहकारी शर्यतीस हजरच राहिले नाहीत. नियमाप्रमाणे ते बाद झाले. वर्गणी काढून ज्याला पाठविले, ज्याच्यावर एका सबंध बेटाची आशा, त्याची संधी एका चुकीने हातची गेली!

येथे सेसिल हीली या ऑस्ट्रेलियन खेळाडूचे नाव आदराने घेतले पाहिजे. ड्यूक बाद झाल्यावर विजयाची सर्वांत अधिक शक्यता हीलीचीच होती. त्याने गप्प राहावे, म्हणजे सुवर्णपदक त्याच्या पदरात पडावे, अशी स्थिती होती. परंतु जगातील सर्वांत वेगवान पोहणारा काठावर बसला असता मिळालेले पदक त्याला नको होते. त्याने व त्याच्या पथकाने अमेरिकनांना आणखी एक संधी द्यावी असा आग्रह धरला. पंचांनी तो मानला आणि खास फेरी ठेवली. त्या फेरीत ड्यूक ६२.४ सेकंदांत पोहून गेला. अंतिम शर्यत १० जुलै रोजी झाली. ड्यूक ६३.४ सेकंदांत पहिला आला आणि त्याला सुवर्णपदक मिळाले. दुसरा कोण आला? सेसिल हीली! त्याने आपल्या हाताने आपले सुवर्णपदक दुसऱ्याच्या पदरात टाकले होते. सहा वर्षांनी, १९१८ च्या ऑगस्टमध्ये, हा उमदा खेळाडू फ्रान्सच्या रणभूमीवर धारातीर्थी पडला. ड्यूकच्या विजयाची कथा सांगताना हीलीचे नाव गाळले, तर ती कथा अपुरी राहील.

स्टॉकहोमला ड्यूकने चार जणांच्या सांघिक शर्यतीतही रौप्यपदक मिळविले. होनोलुलूच्या बंदरातील ज्या विक्रमावर लोक हसले होते, त्याविषयी आता कोणी अवाक्षर काढले नाही.

यानंतर ड्यूक कहानामोकू यांचे नाव देशोदेशी गेले. १९१४ च्या अखेरीस ते ऑस्ट्रेलियात गेले. २ जानेवारी १९१५ रोजी सिडनी येथे त्यांनी शंभर यार्डांचे अंतर ५३.८ सेकंदांत कापून नवा विक्रम केला. परंतु ऑस्ट्रेलियाच्या लोकांच्या मनात अधिक ठसली ती त्यांची दुसरीच करामत. फळीवर उभे राहून लाटेवर कसे स्वार होतात, हे पाहण्याची तेथील लोकांना उत्कंठा होती. ड्यूक यांनी बरोबर फळी आणली नव्हती. त्यांनी तेथलेच पाइनचे लाकूड घेतले आणि आपल्या हातांनी तासून फळी तयार केली. फ्रेशवॉटर नावाच्या किनाऱ्यावर ते ही फळी घेऊन खोल पाण्यात गेले आणि एका उंच लाटेच्या माथ्यावर ताठ उभे राहून किनाऱ्यापर्यंत आले. पुढे त्यांनी इसाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या मुलीलाही फळीवर आपल्यापुढे उभे करून लाटेवरून आणले. ऑस्ट्रेलियातील हजारो तरुण आज ज्या खेळात रंगून जातात, त्याची आवड त्या देशात रुजविण्यास ड्यूक यांच्या या भेटीचा मोठा हातभार लागला. त्यांनी तासलेली ती फळी तेथील लोकांनी जपून ठेवली आहे. जो खेळ एकेकाळी मरणपंथास लागला होता, तो हवाईच्या या सुपुत्राने सातासमुद्रांपलीकडे नेला.

१९१६ चे ऑलिंपिक सामने बर्लिनमध्ये व्हावयाचे होते. पण युरोपात महायुद्ध पेटले आणि सामने रद्द झाले. खेळाडूच्या आयुष्यात ऐन उमेदीची वर्षे थोडी असतात. ड्यूक यांची ती वर्षे युद्धाने गिळली. १९२० मध्ये बेल्जममधील अँटवर्प येथे सामने भरले, तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होत आले होते. जलतरणपटूच्या दृष्टीने हे वय उताराचे समजले जाई. तरीही शंभर मीटरची अंतिम शर्यत ते ६०.४ सेकंदांत जिंकले. तो दिवस होता २४ ऑगस्ट, म्हणजे त्यांचा तिसावा वाढदिवस! परंतु एका स्पर्धकाने आपल्या मार्गात दुसऱ्याने अडथळा केल्याची तक्रार केली. ती मान्य झाली आणि सर्वांना पुन्हा पोहावे लागले. वास्तविक ड्यूक यांचा त्यात काहीच दोष नव्हता. पण आठ वर्षांपूर्वी पुन्हा पोहण्याची संधी दुसऱ्याच्या उदारतेने त्यांना मिळाली होती. आता तीच संधी दुसऱ्याला मिळत होती. त्यांनी काही दिवसांनी पुन्हा पाण्यात उडी घेतली आणि पुन्हा तेच जिंकले. दुसरा व तिसरा क्रमांक मिळविणारे तरुणही हवाईचेच होते. एका चिमुकल्या बेटाने तीनही पदके नेली, हे पाहून सारे स्तिमित झाले. सांघिक शर्यतीतही ड्यूक यांच्या चमूने सुवर्णपदक पटकावले.

१९२४ मध्ये पॅरिसच्या सामन्यांत ड्यूक तिसऱ्यांदा उतरले. या वेळी त्यांच्या समोर जॉनी वाइसम्युलर नावाचा वीस वर्षांचा विलक्षण तरुण उभा होता. शर्यत सुरू झाली आणि वाइसम्युलरने ५९ सेकंदांत बाजी मारली. ड्यूक दुसरे आले आणि त्यांचे धाकटे बंधू सॅम्युएल तिसरे आले. बारा वर्षे ज्या सिंहासनावर बसलो, त्यावर दुसरा बसलेला पाहणे सोपे नसते. पण ड्यूक यांच्या मुद्रेवर मत्सराची छटाही उमटली नाही. जिंकताना ते जसे शांत असत, तसेच हरतानाही राहिले. या दोघांमध्ये पुढे कायम स्नेह राहिला.

पण ड्यूक यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी शर्यत अजून व्हावयाची होती. तिला ना पंच होते, ना घड्याळ, ना पदक.

१४ जून १९२५ ची सकाळ. कॅलिफोर्नियातील न्यूपोर्टच्या किनाऱ्यावर ड्यूक मित्रांसह उभे होते. समुद्र खवळलेला होता. लाटा भिंतीसारख्या उठत होत्या आणि बंदराच्या तोंडाशी आदळून फुटत होत्या. इतक्यात ‘थेल्मा’ नावाची एक बोट त्या लाटांत सापडलेली त्यांना दिसली. बोटीत मासेमारीसाठी निघालेले एकोणतीस लोक होते. पाहता पाहता एक प्रचंड लाट बोटीवर कोसळली, बोट उलटली आणि माणसे पाण्यात फेकली गेली. अंगावर जाड कपडे, पायात बूट. त्यांना हात मारणेही कठीण झाले. ड्यूक यांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. त्यांनी आपली फळी उचलली आणि त्या उसळत्या पाण्यात झेप घेतली. फुटणाऱ्या लाटांना तोंड देत ते बुडणाऱ्यांपर्यंत पोहोचले, हाती लागतील त्यांना फळीवर ओढले आणि किनाऱ्यावर आणले. लगेच ते परत वळले. पुन्हा एक फेरी. पुन्हा काही जीव वाचले. बाहू भरून आले होते, श्वास पुरत नव्हता; तरी ते तिसऱ्यांदा गेले. एकट्या ड्यूक यांनी आठ जणांचे प्राण वाचविले. त्यांच्या सोबत्यांनी आणखी चौघांना बाहेर काढले. सतरा अभागी जीव मात्र समुद्राने घेतले.

या घटनेनंतर बुडणाऱ्यांना वाचविण्यासाठी अशी फळी किती उपयोगी पडते, हे लोकांना उमगले आणि किनाऱ्यांवरील जीवरक्षक ती आपल्याजवळ बाळगू लागले. ज्या फळीला कोणी एकेकाळी रिकामटेकड्यांचे खेळणे म्हटले होते, तिने माणसांचे प्राण राखले.

एवढी कीर्ती मिळूनही ड्यूक यांना सुखाचे दिवस लवकर आले नाहीत. त्या काळी हौशी खेळाडूने खेळाबद्दल पैसे घेऊ नयेत, असा कडक नियम होता. त्यामुळे सोन्याची पदके घरी असूनही पोटासाठी त्यांना लहानसहान कामे करावी लागली. काही चित्रपटांत त्यांनी छोट्या भूमिका केल्या. होनोलुलूला पेट्रोल पंपही चालविला. अमेरिकेत काही ठिकाणी त्यांच्या सावळ्या वर्णामुळे त्यांना उपाहारगृहात वाढण्याचे नाकारण्यात आले. ज्या देशासाठी त्यांनी पदके जिंकली, त्याच देशात हे घडले. ड्यूक असे प्रसंग मुकाट्याने गिळीत. मात्र त्यांनी आपल्या वागण्यात कटुता कधी येऊ दिली नाही. हवाईच्या भाषेत ‘अलोहा’ असा एक शब्द आहे. भेटताना आणि निरोप घेताना तो उच्चारतात. प्रेम, आपुलकी आणि दया हे सारे अर्थ त्यात सामावलेले आहेत. ड्यूक हा शब्द नुसता उच्चारीत नसत. तो ते जगत.

१९३० नंतरच्या दशकात होनोलुलूच्या जनतेने त्यांना शेरीफ म्हणून निवडून दिले. एकदा नव्हे, सलग तेरा वेळा! १९४० मध्ये नदीन अलेक्झांडर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९५९ मध्ये हवाई हे अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले. बेटांवर येणाऱ्या थोर पाहुण्यांचे स्वागत करण्याचे काम ड्यूक यांच्याकडे आले. राजे येत, मुत्सद्दी येत, नट-नट्या येत. आणि पांढऱ्या केसांचा हा उंच, प्रसन्न पुरुष फुलांची माळ घेऊन त्यांना सामोरा जाई. उतारवयातही त्यांनी समुद्र सोडला नाही. चाळिशीत त्यांनी स्वतःसाठी कोआ नावाच्या लाकडाची फळी बनविली होती. ती सोळा फूट लांब आणि ११४ पौंड वजनाची होती. सामान्य माणसाला जी उचलणेही जड जावे, ती फळी घेऊन ते लाटांवर जात. १९६५ मध्ये जलतरणपटूंच्या कीर्तिमंदिरात आणि त्यापुढील वर्षी लाटांवर स्वारी करणाऱ्यांच्या कीर्तिमंदिरात त्यांना मानाचे स्थान मिळाले. हे दोन्ही मान मिळविणारे ते पहिलेच पुरुष होत.

२२ जानेवारी १९६८ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ड्यूक कहानामोकू यांचे निधन झाले. त्यांचे वय ७७ वर्षांचे होते. ज्या वायकीकीच्या किनाऱ्यावर ते बाळपणी खेळले, तेथेच हजारो लोक जमले. वल्ह्यांच्या होड्या समुद्रात गेल्या आणि त्यांच्या अस्थींची रक्षा लाटांवर सोडण्यात आली. फुलांच्या माळा पाण्यावर तरंगत राहिल्या. सागराचा पुत्र सागराकडे परत गेला.

१९९० मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, वायकीकीच्या किनाऱ्यावर त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. पाठीमागे उंच फळी उभी आहे आणि दोन्ही हात येणाऱ्याच्या स्वागतासाठी पसरलेले आहेत. त्या हातांवर लोक फुलांच्या माळा वाहतात.

ड्यूक यांचे विक्रम केव्हाच मागे पडले. ज्या अंतराला त्यांना मिनिटाहून किंचित अधिक वेळ लागे, ते अंतर आज पोहणारे त्याहून पुष्कळ कमी वेळात पार करतात. विक्रम हे मोडण्यासाठीच असतात. पण खोटे ठरविले गेल्यावर कृतीने उत्तर देणारा त्यांचा धीर, दुसऱ्याला संधी देताना न कुरकुरणारे त्यांचे मन, पराभवात न ढळणारी त्यांची शांती आणि परक्यांसाठी तीन वेळा मृत्यूच्या जबड्यात शिरणारे त्यांचे धैर्य यांना कोणतेही घड्याळ मोजू शकत नाही. पाण्याने ड्यूक यांना बळ दिले होते. ते बळ केवळ स्वतःच्या विजयासाठी नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच ते थोर जलतरणपटू होते आणि त्याहूनही थोर माणूस होते.